पान एकशे बारा

डॉ. अनिलकुमार मेत्रे यांची अकरा पुस्तकं भालकीजवळच्या, कानडी मुलखातल्या आमच्या मेहकर ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आहेत आणि अकराही मी वाचली आहेत. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी म्हणायचं, हा मल्लिकार्जुन म्हणजे कीर्तनाला मागं टाळ घेऊन उभा राहणारा माणूस, ह्याला विज्ञानातलं काय कळतंय. वाचनालय मीच सांभाळतो. कानडी पुस्तकांची सहा कपाटं आणि मराठीचं एक. त्या एकातला वरचा खण ह्या माणसानं व्यापलाय.

पुस्तकं वाईट नाहीत. सूर्य कशानं जळतो, उजेडाला आपल्यापर्यंत यायला किती मिनिटं लागतात, ग्रहणात काळ्या चकतीभोवती जे पांढरं तेज दिसतं ते काय, हे त्यानं असं लिहिलंय की आठवीच्या पोरीला कळावं. त्याचं सगळं संशोधनच त्या तेजावर आहे. ग्रहण बघायला तो चिलीला गेला, मंगोलियाला गेला, एकदा जहाजातून समुद्राच्या मध्यावर गेला. पुण्याला मोठ्या संस्थेत होता, आता मुदतीआधीच निवृत्त होऊन गावोगाव भाषणं देतो. त्याचं एक भाषण मी मोबाइलवर ऐकलं आणि पाच मिनिटांत हसायला लागलो. वाक्य अर्ध्यात सोडायचं, थांबायचं, समोरच्याला वाटावं की आता हा विसरला, आणि मग खालच्या आवाजात शेवटचा शब्द टाकायचा. ही आमच्या गावचे कीर्तनकार पिराप्पा महाराज यांची खोड. हात पुढं करून बोटं एकेक मिटायची, तीही त्यांचीच. फक्त महाराज ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून दम घेतात आणि हा ‘मित्रांनो’ म्हणून घेतो.

घेतलं तर घेतलं. कुणाचं ऐकून कुणी शिकलं तर त्यात चोरी नाही. पण ज्याचं घेतलं त्याच्याच तोंडाला काळं फासायचं, ह्याला काय म्हणावं?

त्याचं अकरावं पुस्तक गेल्या दिवाळीत आलं. ‘काळोखाचे मानकरी’. पान एकशे बारावर आमचं गाव आहे. तिथलं जसंच्या तसं लिहितो:

‘माझ्या मेहकर गावात पिराप्पा नावाचा एक टाळकुट्या होता. १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी त्याने साऱ्या गावाला घरात कोंडले. सूर्य मेला, सूर्य मेला, असा गळा काढून तो देवळात गात राहिला. त्या कोंडलेल्या गावात एकच दहा वर्षांचा मुलगा घराच्या धाब्यावर चढला. काजळी धरलेल्या काचेतून त्याने निर्भयपणे वर पाहिले. तो मुलगा मी होतो.’

मी हे वाचलं तेव्हा वाचनालयात एकटाच होतो. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. वाटलं, छपाईत काही चुकलं असेल.

कारण त्या दिवशी मीही दहा वर्षांचाच होतो. अनिलकुमार आणि मी एका वर्गात, एका सतरंजीवर. आम्ही त्याला अन्या म्हणायचो. माघातली अवस होती. आमच्या घरांत तेव्हा मेंढरं होती, आणि दुपारी तीनलाच मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकी घालून उभी राहिली. थोरल्यांनी दारं लावून घेतली होती, हे खरं. पिराप्पा महाराज देवळात भजनाला उभे होते, हेही खरं, ग्रहण सुटेपर्यंत नाम सोडायचं नाही अशी रीतच आहे. पण मधेच ते देवळामागच्या लिंबाखाली आले आणि थबकले. लिंबाच्या सावलीत जिथं एरवी उन्हाचे गोल ठिपके पडतात, तिथं हजार चंद्रकोरी पडल्या होत्या. नखाएवढ्या, सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या.

महाराज तेव्हा पस्तिशीचे. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी हातातला टाळ बघितला, त्याची दोरी सोडली, आणि मधल्या भोकातून ऊन जाईल असा तो उन्हात धरला. जमिनीवर एकच स्वच्छ कोर उतरली. मग ह्या माणसानं काय केलं असेल? घरोघरी जाऊन कड्या वाजवल्या. “लेकरं धाडा बाहीर! वर बघू नगा म्हणावं, खाली बघा! सुर्व्या भुईवर आलाय!”

आम्ही चौदा-पंधरा पोरं त्या लिंबाखाली गोळा झालो. महाराजांनी मला टाळ डोळ्यापुढं धरायला लावला आणि विचारलं, “देऊळ दिसतंय का?” म्हणालो, न्हाई. “मंग देऊळ केवढं आन् टाळ केवढा? चांद बी तसाच. बारका हाय, पर मधी आलाय.” अन्याच्या सहाव्या पुस्तकात हाच दृष्टांत आहे. तिथं टाळाच्या जागी नाणं आहे, आणि महाराजांच्या जागी तो स्वतः.

आणि अन्या त्या वेळी कुठं होता? महाराजांच्या खांद्यावर. सगळ्यांत शेवटी आला, डोळे गच्च मिटलेले, आणि महाराजांच्या सदऱ्याची पाठ ओली झालेली. आम्ही पोरं होतो, तरी कुणी हसलं नाही, कारण महाराजांनी आमच्याकडं नुसतं बघितलं होतं.

आता कुणी म्हणेल, कुठं पुण्यातलं पुस्तक आणि कुठं मेहकर. पण एका वर्तमानपत्रानं तेवढंच पान उचलून छापलं, भालकीच्या एका मास्तरांनी ते मोबाइलवर धाडलं, आणि आठ दिवसांत गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात आलं. पिराप्पा महाराज रस्त्यानं चालले की पोरं मागून “सूर्य मेला, सूर्य मेला” करायची. ऐंशी वर्षांचा माणूस. मागं वळून हात जोडायचा.

मग माघातला सप्ता आला. आमच्याकडं मारुतीपुढं सात दिवस अखंड नामाचा सप्ता बसतो आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. ते कीर्तन एकेचाळीस वर्षं पिराप्पा महाराजांचं. सप्ता कमिटीचा अध्यक्ष सध्या गुरुबसव आहे. खता-बियाण्याचं दुकान आहे त्याचं, वय पस्तीस. तो वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसला आणि टेबलावरची रबरी मोहर उगाच फिरवत राहिला.

“अण्णा, यंदा काल्याच्या टायमाला मेत्रे सायबाचं व्याख्यान ठिवलंय. सत्कार बी.”

“आणि महाराजांचं कीर्तन?”

“आता कसं हाय अण्णा… सायबानंच फोनवर म्हणलं, त्यो माणूस स्टेजवर नगं. कॅमेरेवाले यायलेत पुण्याहून, त्येंच्या जीवनावर फिल्म काढायलेत. गावाचं नाव व्हईल.”

“गुरुबसवा, पान एकशे बारा खोटं आहे. मी तिथं होतो.”

“छापून आलंय की अण्णा.”

“छापणारा तिथं नव्हता. मी होतो.”

“तुमी बी टाळकरीच न्हवं का,” तो म्हणाला आणि मोहर जागेवर ठेवून उठला.

मी तसाच महाराजांकडं गेलो. ते ओट्यावर बसून तूर निवडत होते. मी सांगितलं. त्यांनी दोन दाणे बाजूला काढले आणि म्हणाले, “अन्या यायलाय व्हय? लई दिसानं. त्येच्या मायला बरं वाटंल.”

मला राग आला. म्हणालो, “महाराज, तुमचं कीर्तन काढलंय.”

“कळलं की.” सूप हलवत राहिले. मग सूप खाली ठेवलं. “मल्लू, मला बोलले त्येचं काय न्हाई रे. पर औंदा घसा हाय. पुढल्या माघी घसा असंल का मी असंल, ठावं न्हाई. यकदा काला करून वीणा खाली उतरली असती तर मंग माझी काय तक्रार नव्हती. त्येवढंच मनात हुतं.”

तेवढंच. त्या ‘तेवढंच’साठी मी चार घरं फिरलो. कुणी ऐकलं नाही. अन्याची आई म्हाळसाबाई हिच्याकडं मात्र गेलो नाही, माझी छाती झाली नाही. तिला वाचता येत नाही. लेकाची अकरा पुस्तकं तिनं भिंतीतल्या देवळीत खंडोबाच्या टाकाशेजारी लाल कापडात बांधून ठेवलीत. रोज हळदकुंकू वाहते. कापडातून नेमकं काय पुजतेय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटचा दिवस उजाडला. दहा ते बारा वीणेचा पहारा माझा होता. ज्यांनी सप्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती जमिनीला टेकवायची नाही, ज्याच्या गळ्यात आहे त्यानं बसायचं नाही. दुसऱ्यानं घेतली तरच पहिला मोकळा. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. आणि वीणा गळ्यात आहे तोवर गावातला लहानथोर जो येईल तो त्याच्या पायावर डोकं ठेवतो. पाय माणसाचे, नमस्कार वीणेला. काला झाला की मगच वीणा खाली उतरते. आमची वीणा एकेचाळीस वर्षांत मधे कधी टेकली नव्हती.

सव्वादहाला पांढरी गाडी आली. अन्या उतरला. डोक्यावर पांढरे केस मागं वळवलेले, गळ्यात रेशमी मफलर, माघाच्या उन्हात. मंडपात पाऊल टाकताना त्यानं चपला काढायच्या का, असं कॅमेरेवाल्याला विचारलं. गावाला नाही विचारलं.

मला ओळखलं. “अरे मल्लिकार्जुन! अजून कुटतोयसच का टाळ?”

“आज वीणा आहे, डॉक्टरसाहेब.”

“बढती झाली म्हणजे,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

कॅमेरेवाला पोरगा गोड होता बिचारा. त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, “सर, हे वाद्य गळ्यात घालून एक शॉट घेऊ या का? काँट्रास्ट छान येईल.”

“आण रे,” अन्यानं माझ्याकडं हात केला. “बघू तुमचं शस्त्र किती जड आहे.”

मी मुद्दाम केलं का? देवासमोर सांगतो, मुद्दाम केलं. वीणा उतरवली, त्याच्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणं पाया पडलो आणि दोन पावलं मागं सरलो.

फोटो झाला. आणि लोक उठले. आधी पुरुषांतून दहा-बारा, मग बाया, मग पोरंसोरं. एकेक येतोय, त्याच्या पायावर डोकं ठेवतोय, बाजूला होतोय. अन्या आधी बावरला. मग त्याची मान हळूहळू ताठ व्हायला लागली. शेवटी शेवटी तर तो म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायला लागला. साठ माणसं पाया पडली आणि त्यातला एकही नमस्कार त्याचा नव्हता, एवढं ज्याच्या ध्यानात आलं नाही, तो माणूस कोटी मैलांवरच्या तेजाचा अर्थ लावतो.

बायकांत बसलेली येल्लम्मा मोठ्यानं कुजबुजली, “त्येला वाटायलंय, त्येच्याच पाया पडायल्यात.”

“मंग सांग की जाऊन.”

“म्या कामून सांगू? खाऊ दे की भाव चार घटका.”

अन्यानं माइक हातात घेतला. “मित्रांनो, मी भारावलोय. पाया पडणं ही प्रथा मला मान्य नाही. पण ज्ञानापुढं माणूस आपोआप झुकतो, हे मी समजू शकतो.”

मी खाली बघितलं. हसू दाबायला टाळकऱ्याला सवय असते.

मग त्यानं वीणा माझ्याकडं केली. “घे आता. भाषण सुरू करतो.”

“पहारा बाराला बदलतो, साहेब. आता साडेदहा झालेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तोवर खाली ठेवता येत नाही. ठेवली तर सप्ता मोडतो.”

“अरे, मग दुसऱ्या कुणाला दे.”

खरं तर कुणीही घेऊ शकलं असतं. मी मंडपाकडं बघितलं. मंडपानं इकडंतिकडं बघितलं. कुणाला मांडवाची कनात दिसली, कुणाला पायाचं नख. म्हणजे पान एकशे बारा सगळ्यांनाच डाचत होतं, फक्त माझ्यासमोर कबूल केलं नव्हतं. गुरुबसव अध्यक्ष म्हणून अर्धा उठला. त्याच्या बायकोनं, मनीषानं, बायकांच्या रांगेतून त्याच्याकडं असं काही बघितलं की तो होता तिथंच टेकला.

“ठीक आहे,” अन्या म्हणाला. “अंधश्रद्धेचं ओझं गळ्यात घेऊनच बोलू. प्रतीकात्मक आहे.”

कॅमेरेवाल्याला ते फार आवडलं.

तो बोलायला लागला. वीणेची दांडी माइकला लागायची, जरा वळला की तार झणकायची, आणि दर वेळी पोरं हसायची. हात मोकळे नव्हते, त्यामुळं बोटं मिटायची महाराजांची खोड काही करता येईना, आणि ती गेल्यावर भाषणात काय उरलं ते सगळ्यांना दिसलं. त्यालाही जाणवलं असावं. त्यानं हुकमी पान काढलं. पुस्तक मागवलं, एका हातात धरलं आणि वाचायला लागला. “माझ्या मेहकर गावात पिराप्पा नावाचा एक टाळकुट्या होता…”

मंडपात शेवटी, जिथं चपला काढतात तिथं, पिराप्पा महाराज काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. फेटा बांधून आले होते. कीर्तन नसताना फेटा कशाला बांधला असेल, हे मला अजून आठवलं की गलबलतं. कुणीतरी वळून त्यांच्याकडं बघितलं. ते अन्याकडंच बघत होते, शाळेत पोरगं कविता म्हणताना बाप बघतो तसं.

आणि बायकांच्या पहिल्या रांगेत म्हाळसाबाई बसली होती. नवं इरकल, कपाळभर कुंकू. लेकाचं पुस्तक लेकाच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती.

“…निर्भयपणे वर पाहिले. तो मुलगा…” इथं तो थांबला, महाराजांसारखा, “…मी होतो.”

कमिटीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात म्हाळसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

“अन्या, थांब जरा.”

“आई, बस तू. नंतर बोलू.”

“गावाला कुणी कोंडलं म्हणलास?”

“आई, कॅमेरा चालू आहे.”

“ऱ्हाऊ दे चालू. कडी म्या लावली हुती. तुझ्या बापानं लाव म्हणला, म्या लावली. पिराप्पा भायेरनं कडी वाजवून वाजवून दमला. वयनी, लेकरू धाडा, वयनी, लेकरू धाडा. कोंडलं त्येनं व्हय?”

“तुझं वय झालंय, आई. तुला नीट आठवत नसणार.”

हे बोलायला नको होतं. म्हाळसाबाईनं पदर खांद्यावरून कमरेला खोचला.

“मला आठवना व्हय? बाजंखाली तू हुतास. बाजंच्या पायाला मिठी मारून. म्या कडी काढली तवा पिराप्पानं तंगडीला धरून वडला तुला भायेर आन् खांद्यावर घातला. वाटंनं त्येचा सदरा तू भिजिवलास. त्यो सदरा म्या धुतला, तुझी चड्डी बी म्या धुतली. मला आठवना व्हय!”

मंडप फुटला. मृदंगवाला मृदंगावर आडवा झाला. अन्या काहीतरी म्हणत होता, पण वीणा माइकला लागून नुसतं खर्रखर्र ऐकू येत होतं.

म्हाळसाबाई हसत नव्हती. “आन् धाब्यावर चढलास म्हणं. आरं, आपल्या घराला तवा धाबं कुठलं? कुडाचं घर, वर गवत. गवतावर चढलास व्हय रं? धाबं तुझी पयली पगार आली तवा घातलं की. त्येवढं तरी ध्यानात ठिवायचं.”

ह्यावर कुणी हसलं नाही. बाई खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

अन्याचा चेहरा असा झाला होता की दुसरा कुणी असता तर मला दया आली असती. “हा पूर्वनियोजित प्रकार आहे,” तो म्हणाला. “हे असलं जोखड मी एक क्षणही…” आणि त्यानं वीणा डोक्यावरून काढली आणि खाली वाकला.

मी एकेचाळीस वर्षांचा सप्ता त्याच्या पायाशी जाताना बघितला. त्याचा माज उतरवायला निघालो होतो, आणि त्यासाठी पणाला काय लावलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

वीणा भुईपासून वीतभर असताना तिच्याखाली दोन हात आले. सुरकुतलेले, तुरीच्या धुळीचे. महाराज चपलांपासून तिथवर कसे पोचले, कुणी बघितलं नाही. काठी मागं मंडपात आडवी पडलेली.

“दे लेकरा,” ते म्हणाले. “जड झाली आसंल.”

वीणा गळ्यात घालून ते अन्याच्या पायाशी वाकले. देणाऱ्याच्या पाया पडायची रीत. आता देणाऱ्यानं वाकायचं असतं. सगळा मंडप बघत होता. अन्यानं खिशातून रुमाल काढला, हात पुसले, आणि गाडीकडं चालायला लागला. सूर्याच्या तेजावर अकरा पुस्तकं लिहिणाऱ्याला ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापुढं कमरेत वाकता आलं नाही. आईकडं बघायलाही नाही.

महाराज मंडपाच्या मधोमध वीणा घेऊन उभे होते. मृदंगवाल्यानं गुरुबसवकडं बघितलं. गुरुबसवानं मान खाली घातली, मग उठला, पळत जाऊन महाराजांची काठी उचलली आणि त्यांच्या मागं, टाळकऱ्यांच्या रांगेत, काठीच घेऊन उभा राहिला. मृदंगावर थाप पडली.

काल्याचं कीर्तन असं सुरू झालं. आवाज पहिल्या चरणाला फाटला, दुसऱ्याला सापडला. मी अर्धा तास मागं उभा राहून टाळ वाजवला आणि वाट बघत राहिलो की महाराज आता तो विषय काढतील. गावही वाट बघत होतं. अन्याची सोलून काढलेली साल बघायची होती आम्हाला.

काढला त्यांनी. माझ्या हातातला टाळ मागून घेतला, दोरी सोडली, कनातीच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरला. सतरंजीवर चिंचोक्याएवढा गोल सूर्य उतरला. पोरं गुडघ्यावर रांगत पुढं आली.

“बाजंखाली हुता म्हणून हासलाव तुमी,” महाराज म्हणाले. “हासा. पर आमी पंधरा जण भायेर उन्हात हुतो, आन् जलमभर हितंच ऱ्हायलो. बाजंखालचं पोरगं निघालं त्ये…” थांबले. तोच थांबा, ज्याची नक्कल मी मोबाइलवर ऐकली होती. मग खालच्या आवाजात, “…सुर्व्यापतूर गेलं.”

म्हाळसाबाईनं डोळे पुसले. लोकांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ केलं.

मला काही ते पटलं नाही. महाराजांचं मन तेवढं आहे, माझं नाही. गाडी अजून मंडपाबाहेरच उभी होती. ड्रायव्हर गावात चहाला गेला होता, सापडेना म्हणे. काचा वर, आत थंड हवा चालू. एवढं बोललेलं त्याला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू यावं म्हणून त्यानं काच बोटभर खालीही केली नाही. मग ड्रायव्हर आला आणि गाडी गेली. दहीहंडी फुटली, काला वाटला. महाराजांनी स्वतःच्या हातानं वीणा उतरवून मारुतीपुढं ठेवली, आणि ठेवल्यावर तिच्यावर बराच वेळ हात तसाच राहू दिला.

दुपारी म्हाळसाबाईनं मला घरी बोलावून घेतलं. ताटावर ताट झाकून ठेवलं होतं. “जेवला बी न्हाई,” एवढंच म्हणाली. मग देवळीतलं लाल कापड सोडून वरचं पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यावर कुंकवाची बोटं होती.

“मल्लू, तू वाचलायस. ह्यात त्येवढं सोडून बाकीचं खरं हाय का?”

मी विचार केला. मनात फार वाईट उत्तरं होती. पण समोर आई होती, आणि विचारलेलं सरळ होतं.

“खरं आहे, काकी. सूर्याचं सगळं खरं आहे. चांगलं लिहिलंय.”

“मंग त्येवढं पान फाड.”

वाचनालयात पानाचा कोपरा दुमडला तरी मी पोरांवर ओरडतो. एकशे बारा फाडलं, त्याबरोबर मागचं एकशे अकराही गेलं. त्यावर सूर्याच्या आतल्या उष्णतेचे आकडे होते, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. पुस्तक तिनं परत कापडात बांधलं, खंडोबाशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

फाडलेला कागद माझ्या हातातच होता. तो तिनं मागितला, चुलीजवळ बसून मांडीवर सपाट केला, त्यावर काल्यातल्या मूठभर कोरड्या लाह्या आणि फुटाणे घातले आणि पुडी बांधली. दोऱ्याचे चार वेढे दिले.

“परसाद न घेताच गेला. पुण्याला धाडतूस का पोष्टानं?”

मुद्दाम त्याच कागदात बांधला का, ते मी विचारलं नाही. घरात दुसरा कागद नसेलही.

सोमवारी भालकीला जाऊन मी ती पुडी पाकिटात घालून रजिस्टर केली. पत्ता ठळक अक्षरात लिहिला, कधी नव्हे एवढा ठळक. बारा दिवसांनी पोचपावती आली. सही त्याचीच आहे, शाळेत करायचा तशीच, शेवटच्या अक्षराला शेपटी.

म्हणजे पुडी त्यानं सोडली असणार, आणि लाह्या ओतल्यावर खालचं पान वाचलं असणार. म्हाळसाबाई मात्र मला रस्त्यात भेटली की अजून एवढंच विचारते, “खाल्ला आसंल का रं त्येनं?”